सावळ्या जातीचा खोंड

“बसा की, शेजाळ मास्तर,” सरनोबत साहेब म्हणाले, आणि माझा बाप उभाच राहिला.

टेबलासमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघून आम्ही साडेतीन तास प्रवास केला होता, त्यानंतर साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर पावणेदोन तास. मी सरळ खुर्ची ओढली आणि बसले. मी देवळात चपला घालून शिरल्यासारखं आप्पांनी माझ्याकडं बघितलं.

“ही कोण?” साहेबांनी विचारलं.

“मुलगी, साहेब. मालन. एसटीत कंडक्टर आहे.”

“अरे वा. म्हणजे तुमचं बरं चाललंय.”

“आमचं बरं चाललंय की नाही ते नंतर सांगते,” मी म्हटलं. “आधी हे बघा.” आणि पिशवीतनं ती छोटी पुस्तिका काढून त्यांच्या काचेवर आपटली.

“मालन,” आप्पा हळूच म्हणाले.

मला एकतिसावं लागलं होतं तेव्हा. कंडक्टर होऊन चार वर्षं झाली होती आणि माझं तोंड सगळ्या डेपोला माहीत होतं. दारू पिऊन चढणारा, सुट्टे नाहीत म्हणून दादागिरी करणारा, बायांच्या सीटवर पाय पसरून बसणारा, सगळ्यांना मी मधल्या माळावर खाली उतरवलेलं आहे. आणि घरात हा बाप. सदतीस वर्षं संस्थेच्या हायस्कुलांत इंग्रजी शिकवलं, पण कुणाशी आवाज चढवून बोललेला मला आठवत नाही. मी त्यांना कायम म्हणायचे, “आप्पा, तुमच्या वाटणीचा राग पण मलाच आलाय.” ते हसायचे.

पुस्तिका माझ्या हातात कशी आली ते सांगते. जत-सांगली गाडीला एक अकरावीची पोरगी रोज असायची. तिच्या मांडीवर हे होतं. ‘ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश, नमुना पाने.’ वर संस्थेचं चिन्ह, खाली ‘संपादक: प्राचार्य दिनकरराव सरनोबत’. तिकीट फाडता फाडता माझी नजर पानावर गेली आणि सावळ्याचं नाव दिसलं. मी तशीच उभी राहिले. मागचा म्हातारा ओरडायला लागला, “ओ बाई, माझं कवठ्याचं तिकीट राहिलं की!” मी म्हटलं, “थांबा हो जरा!” आणि त्या पोरीच्या हातातनं पुस्तिका जवळजवळ हिसकावून घेतली.

कारण आमच्या आप्पांनी बावीस वह्या लिहिल्या होत्या. शंभर पानी, खाकी कव्हर घातलेल्या. शाळा सुटली की कंदिलाजवळ आणि पुढं दिव्याखाली बसायचे आणि एकेक इंग्रजी शब्द लिहायचे. त्याचा अर्थ, तो शब्द कुठनं आला, कुठल्या भाषेतनं फिरत फिरत इंग्रजीत शिरला, आणि मग आपल्याकडचं एक उदाहरण. शहरातली उदाहरणं आमच्या पोरांना कळत नाहीत म्हणायचे. सत्तावीस वर्षं हा उद्योग. संस्थेनं परिपत्रक काढलं की शब्दकोश करायचाय, निवृत्त शिक्षकांनी साहित्य पाठवावं, तेव्हा आप्पांनी त्या वह्या धुतलेल्या पोत्यात भरल्या, पोतं शिवलं आणि स्वतः नेऊन दिलं. पोच मागितली नाही. चार वर्षं झाली त्याला. ना पत्र, ना निरोप.

“वाचा की,” मी साहेबांना म्हटलं.

“मी संपादक आहे त्याचा, बाई.”

“म्हणून तर म्हणते वाचा. तुमचं वाचायचं राहून गेलेलं दिसतंय.”

ते वाचेनात म्हणून मीच उचललं आणि मोठ्यानं वाचलं. केबिनचं दार उघडं होतं, बाहेर दोन शिक्षक बसले होते, त्यांनाही ऐकू जाऊ दे म्हटलं. “डॉन्ट, डी-ए-यू-एन-टी. क्रियापद. धीर खचवणे, दबवणे. मूळ लॅटिन डोमितारे, म्हणजे जनावर माणसाळवणे, वळणावर आणणे. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून इंग्रजीत. आपल्या दमनाशी ह्या शब्दाचं जुनं नातं. संस्कृतात शिकवणीतल्या खोंडाला दम्य म्हणत. उदाहरण: सावळ्या जातीचा खोंड तिसऱ्या दिवशी दबला.”

“उत्तम नोंद आहे,” साहेब म्हणाले.

“उत्तमच आहे. सावळ्या ही जात कुठं मिळते?”

“तुमच्या भागातल्या खिलारीतलीच असेल एखादी पोटजात. आमच्या सहायकांनी अभ्यास करून...”

“अभ्यास!” मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. “अहो, सावळ्या आमचा बैल होता! माझ्या आज्जाच्या दावणीला. त्या नावाची जात तिन्ही लोकांत नाही. आप्पांच्या वहीत काय आहे सांगू? ‘सावळ्या तिसऱ्या दिवशी दबला.’ एवढंच. तुमच्या सहायकाला कळेना हा सावळ्या कोण. विचारायचं कुणाला? वही कुणाची ते माहीत होतं, पण विचारलं तर सगळंच बाहेर येणार. मग दिली ठोकून जात म्हणून!”

साहेबांचा चेहरा थोडा हलला. बाहेरच्या दोघांतला एक खोकला. मला वाटलं, जिंकलं.

“बाई,” साहेब म्हणाले, “कोश हे सामूहिक काम असतं. शब्द काही कुणाच्या बापाचे नसतात.”

“ह्या शब्दांचा बाप इथं उभा आहे. मघापासनं. तुमच्यापुढं बसायची सुद्धा त्याची छाती होत नाही.”

“मालन, पुरे,” आप्पा म्हणाले.

“काय पुरे? आप्पा, मी काय मागतेय? पैसा मागतेय? पहिल्या पानावर नाव छापा. मारुती भिवा शेजाळ. तीन शब्द. आणि वह्या परत द्या. एवढ्यासाठी आलोय, एवढं घेऊन जाणार.”

साहेबांनी माझ्याकडं बघणंच सोडून दिलं. ते फक्त आप्पांशी बोलायला लागले. गोड आवाज, शाल पांघरल्यासारखा. “मास्तर, वह्या प्रेसवाल्यांकडं गेल्या, आता कुठं शोधायच्या? आणि शेवटच्या पानावर आभार आहेतच. ‘संस्थेचे आजी-माजी शिक्षक’. त्यात तुम्ही आलात की नाही? तुम्ही माजी शिक्षक आहात ना?”

आणि तेव्हा आप्पा बोलले. खरंच बोलले. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “साहेब, नाव एवढंच म्हणणं आहे. सत्तावीस वर्षं लागली. पोरीचं म्हणणं चुकीचं नाही. नाव जर...”

साहेबांनी खिशाला हात लावला. खिशातनं पेन काढलं, जाडजूड, काळं. टोपण फिरवून फिरवून उघडलं. हिरवी शाई होती, निबावर चमकत होती. टोपण एका बाजूला ठेवलं आणि ते उघडं पेन काचेवर आडवं ठेवलं, टोक आप्पांकडं करून. हात जोडून पोटावर ठेवले आणि वाट बघत राहिले.

आप्पांचं वाक्य तिथंच थांबलं. ‘नाव जर’ च्या पुढं काही आलंच नाही. मी मान वर करून बघितलं तर त्यांचे दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले आणि मान खाली. गणवेश तपासायला उभं केलेलं पोर असतं ना, तसे. एकोणसत्तर वर्षांचा माणूस!

“नाव जर काय, आप्पा? बोला.”

“काही नाही.”

“काही नाही काय? आत्ता बोलत होतात!”

“साहेबांचं बरोबर आहे,” आप्पा म्हणाले. “कोश सगळ्यांचा असतो.”

मला काही उमगेना. कुणी धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही, नुसतं एक पेन टेबलावर ठेवलं आणि ह्या माणसाची दातखीळ बसली! साहेबांनी ड्रॉवरमधनं एक टाइप केलेला कागद काढला. म्हणजे तयारच ठेवला होता. मी उलटा दिसत होता तसाच वाचला. ‘मी सदर साहित्य संस्थेस स्वेच्छेने दिले असून त्यावर माझा कोणताही हक्क नाही व भविष्यात राहणार नाही.’ खाली आप्पांचं नाव. तिथं मात्र संपूर्ण नाव छापलं होतं, बापाच्या नावासकट.

“औपचारिकता आहे,” साहेब म्हणाले.

आप्पांनी ते पेन उचललं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी उठले, त्यांच्या हाताखालचा कागद ओढला आणि टराटरा फाडला. चार तुकडे, आठ तुकडे, हाताला लागेल तेवढे. “हे घ्या तुमचं स्वेच्छेनं!” म्हटलं आणि साहेबांच्या अंगावर उधळले. बाहेरचे दोघं दारात येऊन उभे राहिले. शिपाई धावत आला. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. वाटलं, आता ह्या म्हाताऱ्याचा हात धरायचा आणि ताठ मानेनं बाहेर पडायचं.

वळून बघते तर आप्पा खाली बसलेले. जमिनीवर. गुडघे दुखतात म्हणून घरी पाटावर न बसणारा माझा बाप उकिडवा बसून कागदाचे तुकडे गोळा करत होता. टेबलाखाली गेलेला एक तुकडा त्यांनी हात लांब करून काढला. सगळे ओंजळीत घेऊन उठले आणि काचेवर नीट ठेवले.

“साहेब,” ते म्हणाले, “पोरीचं मनावर घेऊ नका. आईविना वाढलीय. दुसरा कागद द्या, मी सही करतो.”

दुसरा कागदही ड्रॉवरमध्ये होताच.

आप्पांचं अक्षर फार सुंदर. त्या दिवशीही सुंदरच आलं. हिरव्या शाईत ‘मा. भि. शेजाळ’, खाली तारीख, तारखेखाली बारीक रेघ. पेन दोन्ही हातांनी साहेबांना परत दिलं. साहेबांनी टोपण लावलं.

स्टँडवर आलो आणि मग माझा बांध फुटला. दुपारचे बारा वाजलेले, फलाट माणसांनी भरलेला, मी कशाची पर्वा केली नाही. “कशाला घाबरलात? सांगा की! पेन्शन थांबवणार होता? ती सरकार देतं. बदली करणार होता? आता बदली कुठं करणार, स्मशानात? अकरा वर्षं झाली नोकरी संपून! तुम्ही त्याचं काही लागत नाही, त्यानं तुमची चोरी केलीय, आणि तुम्ही त्याच्या पायाशी बसून कागद वेचताय! लाज वाटली मला. तुमची लाज वाटली, आप्पा!”

एक बाई पोराला घेऊन लांब सरकली. आप्पा बाकावर बसले. पिशवीतनं पाण्याची बाटली काढली, मला पुढं केली. मी घेतली नाही. मग स्वतः दोन घोट प्याले.

“आज्जा खोंड कसे शिकवायचे, ठाऊक आहे ना तुला?” त्यांनी विचारलं.

“आता हे काय मधेच?”

“ठाऊक आहे ना?”

ठाऊक नसायला काय झालं. माझा आज्जा, भिवा शेजाळ, पंचक्रोशीत खोंड शिकवण्यासाठी प्रसिद्ध होता. लोक लांबलांबनं आपले उधळणारे खिलार खोंड आणून आमच्या दारात बांधायचे. त्याची ख्याती हीच, की भिवा जनावराला मारत नाही. भिवाच्या हाताला गुण आहे. भिवानं नुसतं समोर उभं राहिलं की खोंड मान जुवाखाली घालतो. आमच्या घरी हे अभिमानानं सांगायचे.

“मारायचे,” आप्पा म्हणाले. “एकदाच. पहिल्या दिवशी, गोठ्याचं दार लावून, बांधून घालून. लोकांना माहीत नव्हतं. मी नऊ वर्षांचा होतो, कुडाच्या फटीतनं बघितलं. सावळ्याला आसुडानं असा मारला, असा मारला, की त्याच्या खाली घातलेली वैरण सगळी ओली झाली. मग दोन दिवस नुसतं खायला घातलं, अंगाला तेल लावलं. तिसऱ्या दिवशी बाहेर काढला. माणसं बघायला जमलेली. आज्जानं खुंटीवरनं आसूड काढला आणि नुसता हातात धरला. सावळ्यानं मान खाली घातली. सगळे म्हणाले, वा!”

सांगलीची गाडी लागली, सुटली. आमची अजून यायची होती.

“पुढं चौदा वर्षं सावळ्या आमच्याकडं राबला. परत कधी मार खाल्ला नाही. शेवटी शेवटी त्या आसुडाची वादीसुद्धा कुजून गेलेली, नुसता दांडका उरला होता. तो खुंटीवरनं काढला तरी पुरे व्हायचं. म्हातारा झाला होता, तरी आज्जाला शिंगावर उचलून फेकील एवढी ताकद होती त्याच्यात. पण नाही.”

“तुम्हाला कुणी मारलं?” मी विचारलं. माझा आवाज आता खाली आला होता.

“बदल्या आठवतात ना तुला?”

आठवणारच. माझी पहिली ते चौथी चार गावांत झाली. चौथ्या गावाला रस्ता नव्हता. आईला ताप आला आणि पावसात ओढा उतरेना, बैलगाडी अलीकडंच थांबली. मी नऊ वर्षांची होते. घरात सगळे म्हणायचे, मास्तरांची नोकरी, बदल्या व्हायच्याच. मीही तसंच समजत होते.

“साहेब तेव्हा नवीन सचिव झालेले,” आप्पा म्हणाले. “सगळ्या शिक्षकांची सभा होती. त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. एका शब्दाचा अर्थ चुकला. मला वाटलं सांगावं. उठून सांगितला. सगळे हसले. साहेबांनी मात्र खिशातनं पेन काढलं, टोपण उघडलं, माझं नाव विचारलं आणि लिहून घेतलं. आठ दिवसांत पहिली ऑर्डर आली. हिरव्या शाईत सही. सहा वर्षांत पाच ऑर्डरी. तुझी आई गेली तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन पाया पडलो, म्हटलं आता पुरे. ते म्हणाले, बघू. मग थांबल्या बदल्या. त्यानंतर परत कधी त्रास दिला नाही मला. सभेत कधी माझ्याकडं बघत पेन काढायचे, एवढंच.”

“कुठला शब्द होता?”

“आता आठवत नाही.”

बावीस वह्या तोंडपाठ असलेला माणूस हे मला सांगत होता.

मला रडायला यायला पाहिजे होतं, पण मला राग आला. साहेबांचा आला, आज्जाचा आला, त्या हसणाऱ्या शिक्षकांचा आला, आणि सगळ्यांत जास्त ह्या शेजारी बसलेल्या माणसाचा आला. माझ्या आईच्या मरणाचा हिशेब त्यानं दोन्ही हातांनी पेन परत देऊन मिटवला होता. मी म्हटलं, “हे सगळं वहीत लिहायचं होतं ना मग! शब्द कुठनं आला ते लिहिता, लॅटिन लिहिता, फ्रेंच लिहिता. हे का नाही लिहिलंत?”

“लिहिलंय की,” आप्पा म्हणाले. “सावळ्या तिसऱ्या दिवशी दबला.”

आमची गाडी आली. मी पुढं चढून त्यांना खिडकीची जागा धरली. तिकीट काढायला कंडक्टर आला तेव्हा आमच्या डेपोचाच पोरगा निघाला. म्हणाला, “काय मालनताई, आज गप्प?” मी त्याला नुसतं हातानं पुढं जा म्हटलं.

शब्दकोश दिवाळीत आला. जाड, निळ्या पुठ्ठ्याचा, मंत्री येऊन प्रकाशन झालं. संस्थेच्या सगळ्या शाळांत आणि तालुक्याच्या सगळ्या वाचनालयांत गेला. मी दोनशे चौदावं पान उघडून बघितलं. सावळ्या जातीचा खोंड तिसऱ्या दिवशी दबला. एवढा तमाशा करूनसुद्धा ती चूक कुणी दुरुस्त केली नव्हती. आमच्या बैलाची त्यांनी जात करून टाकली, पुस्तकात घातली, पोरं ती पाठ करणार. आणि माझ्या बापाचं नाव कुठं नाही. शेवटच्या पानावर आजी-माजी शिक्षकांचे आभार, तेही एका ओळीत.

मग मी एक उद्योग सुरू केला. कंडक्टरला गावोगावी थांबा असतो. कुठं अर्धा तास, कुठं दीड तास. बाकीचे चहा पितात, पान खातात, मी वाचनालयात जायला लागले. तो निळा कोश मागायचा, कोपऱ्यातलं टेबल धरायचं, दोनशे चौदा पान काढायचं. ‘सावळ्या जातीचा खोंड’ मधलं ‘जातीचा खोंड’ खोडायचं आणि समासात बॉलपेननं लिहायचं: ‘सावळ्या हा भिवा शेजाळ यांचा बैल. ही नोंद व हा कोश मारुती भिवा शेजाळ मास्तरांनी लिहिला आहे.’ अक्षर माझं वाकडंतिकडं, पण दाबून लिहायचे, मागच्या पानावर उमटेल असं. कुणी बघितलं तर बघू दे, म्हणायचे. एका ठिकाणी ग्रंथपाल बाईंनी बघितलंच. त्यांनी चष्मा काढून वाचलं, माझ्या युनिफॉर्मकडं बघितलं आणि कोश परत जागेवर ठेवून दिला.

पाच वर्षांत अकरा वाचनालयं झाली. अकरावं झालं त्या दुपारी मी घरी गेले आणि पहिल्यांदा आप्पांना सांगितलं. त्यांना तोवर दिसायचं कमी झालं होतं. मला वाटलं हसतील. निदान शुद्धलेखन तपासतील, ‘समासात’ लिहिलंस की ‘मार्जिनमध्ये’ असं काहीतरी विचारतील. मी गाव मोजून दाखवले, एकेका बोटावर. अकरा ठिकाणी तुमचं नाव आहे, आप्पा, म्हटलं. पुसून निघणार नाही असं.

आप्पा कॉटवरनं उठले. भिंत चाचपत दारापाशी गेले, बाहेर डोकं काढून कुणी आहे का बघितलं. मग भर दुपारी दाराला आतून कडी लावली आणि माझ्याजवळ येऊन एकदम हळू आवाजात विचारलं, “कुणी बघितलं तर नाही ना गं? साहेबांना कळलं तर?”

सरनोबत साहेबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. शोकसभेला आप्पा स्वतः जाऊन आले होते, दीड तास उभे राहून.